बिनधुराची पहाट

२ जाने., शुक्र.

...दुसऱ्या वळणावर नळी अडकली. एक टोक कठड्यात, दुसरं माझ्या छातीवर. श. वरून म्हणाले, "सोडू नकोस." सोडायला जागाच नव्हती. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिना. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. नवऱ्याची ही दुर्बीण गच्चीवरून खाली येताना आज पहिल्यांदा पाहिली.

शेजारच्या काकूंनी दार किलकिलं केलं. "विकली का हो शेवटी?"

श. म्हणाले, "नाही. नोकरीला लागली."

दिवाणखान्यात सोफा सरकवून तिला आडवी ठेवली आहे. आतला आरसा त्यांनी स्वतः घासलेला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तेव्हा मला वाटायचं, आरसा संपला की माझ्याशी बोलतील.

३ जाने., शनि.

पुण्याच्या इराचा फोन, स्पीकरवर. हौशी दुर्बीणवाल्यांची जुळवाजुळव तिच्याकडे आहे. ऐकलं ते लिहून काढते. लिहिता आलं तर समजलं.

दगड (पेपरात लघुग्रह, घरात दगडच) काही वर्षांनी पृथ्वीच्या वाटेत येणार. आदळेल की चुकेल ते नक्की नाही. शक्यता एका आठवड्यात वाढते, पुढच्यात उतरते. पडलाच तर जिथे पडू शकेल तो पट्टा अरबी समुद्रावरून येतो आणि आपल्यावरून पुढे जातो. यान आपटवून त्याला बाजूला ढकलता येतं. पण कोणत्या बाजूला, ते ठरवायला तो आत्ता नेमका कुठे आहे ते कळायला हवं. उलट ढकलला तर आपणच ओढून आणल्यासारखं.

११ तारखेला पहाटे तो एका ताऱ्यासमोरून जाईल. तारा विझेल, पुन्हा लागेल. पापणी लवायच्या आत. ज्यांना विझलेला दिसेल ते दगडाच्या सावलीत. बाकीचे बाहेर. सावलीची वाट साधारण माहीत आहे, नेमकी नाही. म्हणून तिच्या आडवी माणसं उभी करायची, कुंपणाच्या खांबांसारखी. कुणाला दिसलं, कुणाला नाही, यावरून दगडाची जागा.

श. चा खांब दिंडोरीच्या पुढे. माझ्या माहेरी. बाळूच्या द्राक्षबागेत.

मी म्हटलं, "योगायोग म्हणायचा."

"मी मागून घेतला. तिथे अंधार चांगला असतो."

५ जाने., सोम.

कॉलेजातून बाळूला फोन केला. धाकटा भाऊ, पण आमचे वडील, अण्णा, गेल्यापासून बाग त्याच्याच अंगावर.

"या की अक्का. दाजींना म्हनाव दुर्बीण आना, तोफ आना. आपलंच घर हाय. फक्त थंडी लय पडलीय. रोज पहाटं शेकोट्या चालू हायत बागंत."

संध्याकाळी श. ना जसंच्या तसं सांगितलं. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

"शेकोट्या?"

मला तोवर लक्षात आलं नव्हतं. घडांत गोडी उतरायला लागली आहे. कडाक्याच्या पहाटे मणी तडकतात, म्हणून सगळं शिवार एकदम जाळ करतं. एकट्याने करून उपयोग नसतो. धुराची गोधडी सगळ्यांवर मिळून पसरावी लागते.

गोधडीखालून तारा दिसत नाही.

६ जाने., मंगळ.

श. नकाशा घेऊन बसले आहेत. सावलीच्या वाटेवरच पुढे किंवा मागे सरकता येतं, इराची हरकत नाही. पुढे धरणाचं पाणी. मागे डोंगर, आणि तारा पश्चिमेला खाली, म्हणजे डोंगराआड. मधे सगळ्या बागा.

आकाश निरभ्र राहील म्हणतात. निरभ्र म्हणजे थंडी. थंडी म्हणजे जाळ. त्यांना हवी तशी रात्र येईल आणि तीच त्यांचं काम बिघडवेल.

"बाळू ऐकेल का?" त्यांनी विचारलं. माझ्या माहेराबद्दल ते सहसा काही विचारत नाहीत.

७ जाने., बुध.

रजा टाकली. ओळखीच्यांच्या जीपमध्ये नळी, गादीत गुंडाळून. दुपारी पोचलो.

घडांना पेपर गुंडाळलेत. थंडीत हिरवा मणी गुलाबी पडतो, मग व्यापारी हात लावत नाही. रद्दीचे पेपर. वाचत गेले, सवय. एका घडावर दगडाची बातमी, अर्धा मथळा दुमडीत गेलेला. दिसत होतं तेवढं: "...धोका टळला". पेपर कोणत्या महिन्याचा ते कळेना.

लताने, बाळूच्या बायकोने, दुर्बिणीची पूजा केली. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा केली होती तशीच. नळीवर हळदकुंकू, पुढे नारळ. मी चहा घेत होते. पाहीपर्यंत तिने मूठभर अक्षता नळीच्या उघड्या तोंडात टाकल्या.

श. नी डोळे मिटून घेतले. मग नळी उलटी धरून बराच वेळ हलवली. लाल तांदूळ अंगणात पडत राहिले. लता पदर तोंडाला लावून उभी. "मला वाटलं द्येवाचंच काय असंल ते. वरचं बघत्यात ना त्यातनं?"

"वहिनी, काही बिघडलं नाही," श. म्हणाले. नंतर मला हळूच, "आरशावर ओरखडा नाही. एखादा दाणा राहिला असेल आत."

धुराचा विषय अजून काढलेला नाही. उद्या.

८ जाने., गुरु.

सकाळी पाण्याच्या पाटावर बोलणं झालं. श. समजावत होते. आत्ता कळलं तर ढकलता येईल, उशिरा कळलं तर नुसतं पाहायचं. लांबून जरासा धक्का पुरतो.

बाळू फावड्याने दांड फोडत होता. पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळलं. "हे असं. वरच्या अंगाला फोडलं तर एक टोपलं माती. खाली लोंढा आल्यावर कितीबी वता. पान्याचं बारं फिरवतो तसं दगडाचं फिरवायचं म्हना की."

"अगदी तेच."

"अन् कुनाच्या बाजूला फिरवायचं ते तुमच्या दुर्बिणीतनं कळनार."

"माझ्या एकट्याच्या नाही. पण माझा खांब पडला तर तिथे भोक राहतं."

मग धुराचं मी सांगितलं. एक पहाट शेकोटी नको.

तो हसला नाही. "अक्का, तीच पहाट सगळ्यात गार सांगितलीय. वर्सभर पोरावानी सांभाळलेला माल हाय. पंधरा दिसांनी तोड."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत. तू कॉलेजात."

जेवताना स्वतःच म्हणाला, पलीकडचा तुकडा यंदा तसाच ठेवलाय. चर खणून झालेत, रोपं सांगितली नाहीत. नवी बाग लावली की पंधरा वर्षांची सोबत. "लावायची अन् वरनं हे यायचं. मंग लावू कशाला? म्हनून थांबलोय. दाजी सांगतील तेव्हा लावू."

श. ताटाकडे पाहत राहिले.

हात धुताना बाळू म्हणाला, "बरं. मी नाय पेटवत. पन माझ्या एकट्याच्यानं काय? धूर रामनाथकडनं येतो. डोंगराकडनं वारं उतरतं, त्याची बाग वरच्या अंगाला. त्याला कोन सांगनार? मी नाय."

रामनाथ आमचा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा मोठा. दोघं तीन वर्षं बोलत नाहीत. बाळूने फवारणी केली, वाऱ्याने औषध रामनाथच्या बागेवर गेलं. तपासणीत त्याच्या घडांत त्याने कधी न मारलेल्या औषधाचा अंश सापडला. परदेशी जाणारा माल सगळा जाग्यावर राहिला. त्या दिवाळीपासून मीही त्याला ओवाळायला गेले नाही. बाळूकडे उतरते, तिकडे कसं जायचं, असं करत राहिलं.

९ जाने., शुक्र.

लताकडून ताट मागितलं. निरांजन, सुपारी, अक्षता.

"अगंबया, पौषात भाऊबीज?"

"राहिलेली आहे."

"राहिली म्हनून पौषात करत्यात का कुनी?"

बांधावरून गेले. रामनाथदादा अंगणात पेपर फाडत बसला होता, घडांसाठी. माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

"नंदा. वाट चुकलीस का महिना चुकलीस?"

"दोन्ही. पाट मांड."

तो उठला. टोपी सापडेना. शेवटी कापडाची घडी डोक्यावर ठेवून बसला. मी ओवाळलं. निरांजन दोनदा विझलं, वारं होतं.

"बोल. काय घालू ताटात?"

"परवाची पहाट. शेकोटी नको."

त्याने मांडीवरचे पेपरचे तुकडे झटकले. मग म्हणाला, "त्याच्या दाराशी तुमची तोफ आलीय, ऐकलं. धूर तिकडं जातो म्हनून?"

"हो."

"त्याचं औषध माझ्या बागंवर आलं, तवा वारं कुनाचं व्हतं?"

मी निरांजन पुन्हा लावलं.

"माझे मनी तडकले तर?"

"तडकतील, दादा."

"अन् तो दगड नाय पडला तर?"

"तर बरंच."

"म्हंजे दोन्हीकडनं मीच येडा." त्याने डोक्यावरचं कापड काढलं, पुन्हा ठेवलं. ताटातली सुपारी उचलून पुन्हा ताटात टाकली. "दिली. ओवाळनीला नाय म्हनता येत नाय म्हनून दिली. त्याच्यासाठी नाय."

मागच्या आणि बाजूच्या बागांना तोच सांगेल म्हणाला. त्याचं ऐकतात.

परत आले तेव्हा श. फाटकात उभे होते. मी मान हलवली. तिथूनच वळून आत गेले. पाठ पाहिली त्यांची. सरळ नव्हती.

१० जाने., शनि.

दिवस ढकलला. दुर्बीण अंगणात मांडून झाली. कॅमेरा, घड्याळ, बॅटरी. श. नी सगळं जोडून पाहिलं, सोडवून पुन्हा जोडलं.

इरा: दक्षिणेचा खांब तयार. उत्तरेचा तयार. "काका, तुम्ही मधे आहात. बाकी काही नाही झालं तरी चालेल, तुमचं हवं."

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, हे ती सगळ्यांनाच सांगत असेल.

चारनंतर गारठा. बाळू बागेत चक्कर मारून येतो, बसतो, पुन्हा जातो. काटक्यांचे ढीग ओळींच्या तोंडाशी रचलेले तसेच आहेत. काडेपेटी लताने डब्यात ठेवली, डबा फळीवर ठेवला. तो पाहत होता.

११ जाने., रवि. (दुपारी लिहिते आहे)

अंधारात उठलो. बाहेर श्वास दिसत होता. आकाश असं की श. नी वर पाहून मान खाली घातली. कुठे जाळ नाही. सगळं शिवार काळं. असं मी लहानपणीही पाहिलं नव्हतं. थंडीत इथे कुठे ना कुठे उजेड असतोच.

रामनाथने शब्द पाळला होता.

तारा सापडला. पडद्यावर एक ठिपका. श. म्हणाले, "हा." आम्ही तिघं त्या ठिपक्याभोवती उकिडवे. लता आत चहाला.

मग ठिपका मळला.

मला वाटलं माझा श्वास. श. नी आरसा पाहिला, दव नव्हतं. बाळू उभा राहिला आणि पश्चिमेकडे बघून त्याने शिवी दिली. रामनाथच्या बागेतून पांढरं उठत होतं. कमरेएवढं, मग छातीएवढं, बांधावरून आमच्याकडे सरकत.

"पेटवलीच शेवटी! मुद्दाम!"

पण वास नव्हता. मी म्हटलं, धुराचा वास नाही. मोटारीची घरघर ऐकू येत होती.

रामनाथने रात्रभर पाणी सोडलं होतं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं. जाळ नसला की मुळाशी ते सोडतात, तेवढीच ऊब. कोमट पाणी, गोठलेली हवा. वाफ.

बाळू बांधापर्यंत धावत गेला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला हाक मारली. कोणत्या शब्दांनी ते लिहीत नाही. रामनाथ कांबळं पांघरून आला. त्यालाही आवाज चढवावा लागला, मोटार चालूच होती.

"आग नको म्हनली व्हती नंदा! पानी नको कुठं म्हनली?"

खरं होतं. मी धुराबद्दल बोलले. पाण्याचं मला सुचलं नाही. अण्णांच्या बागेत वाढले आणि सुचलं नाही.

श. म्हणाले, "वर. स्लॅबवर." आवाज वेगळाच होता. कुणी वाद घातला नाही. रामनाथ मोटार बंद करायला वळला, पुन्हा फिरला, "आता बंद करून काय व्हतंय," म्हणाला आणि नळीचं एक टोक धरलं. दुसरं बाळूने. श. कॅमेरा आणि दुर्बिणीचे पाय घेऊन पुढे, मी बॅटरी. बाहेरचा जिना अरुंद, कठडा नाही.

"तुझ्याकडनं उचल."

"उचललंय. तू वळ."

"वळतोय रं, भिंत हाय."

एवढंच बोलले. वळताना नळीत एक दाणा वाजत गेला, वरून खाली. श. ना ऐकू आला, ते थांबले, चालू लागले.

वर हवा स्वच्छ. खाली सगळं पांढरं, मधे मधे मांडवाचे खांब. पांढरं अजून चढत होतं. तारा सापडेना. सापडला. निसटला. बाळूने न सांगता नळीला खांदा लावला आणि पुतळ्यासारखा राहिला. ठिपका आला.

इरा फोनवर काही बोलत होती. श. म्हणाले, "आता नको."

मी तारा पाहत नव्हते. त्यांचा चेहरा पाहत होते, पडद्याच्या उजेडात. मग पडद्याकडे पाहिलं. ठिपका होता. मंद झाला. होता. नव्हता? होता.

खाली मोटारीची घरघर.

रामनाथने विचारलं, "गेला का?"

श. म्हणाले, "वेळ गेली."

"विझला का पन?"

"काहीतरी झालं." मग खालच्या पांढऱ्याकडे पाहत, "त्याच क्षणाला वाफेचा एक पदर वर आला होता. दगड होता की वाफ होती, मला सांगता येत नाही."

लता चहा घेऊन वर आली. चार कप आणले होते, रामनाथ धरून पाच झालो. तिने आपला कप त्याला दिला. तो घेऊ की नको असा उभा. बाळू म्हणाला, "घे की. गार व्हतोय."

११ जाने., संध्या.

ऊन चढल्यावर बाळूने पेपर सोडवायला घेतले. मी बरोबर होते. पहिल्या ओळीत बरे होते. सखल भागात मणी तडकलेले, चिरेतून रस, वर माशी. तो घड हातात धरायचा, फिरवून पाहायचा, सोडायचा. पेपर नीट घडी करून काखेत. किती गेलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. रामनाथची बाग पाण्याने बरीच राखली.

"त्यानं डोकं लावलं," बाळू म्हणाला. राग आहे की काय ते कळलं नाही.

श. ओसरीवर होते, सगळं ऐकू येईल इतक्या जवळ. बाळू समोरून गेला तेव्हा ते उठून उभे राहिले. बाळूच म्हणाला, "दाजी, बसा."

इराचा फोन पाचला. दक्षिणेच्या खांबाला तारा विझला नाही, हे नक्की. उत्तरेच्या माणसाचा कॅमेराच ऐनवेळी बंद पडला. म्हणजे तिने शनिवारी 'तुमचं हवं' म्हटलं होतं ते आता खरं झालं. आमची नोंद दोघं जण वेगवेगळी तपासत आहेत, एकमेकांशी न बोलता. ठिपका दगडामुळे मंदावला असेल तर जागा मिळाली. वाफेमुळे असेल तर पुन्हा अशी संधी बऱ्याच महिन्यांनी, दुसऱ्या कुठल्या तरी देशावरून, आणि तोवर यानाची वेळ...

वाक्य तिने पुरं केलं नाही.

बाळूने विचारलं, "मंग पलीकडच्या तुकड्याचं काय करू?"

श. म्हणाले, "मला माहीत नाही, बाळासाहेब." असं ते त्याला कधी म्हणत नाहीत.

आज रात्रीही तेवढीच थंडी सांगितली आहे. लताने फळीवरचा डबा खाली काढून ठेवला.

१२ जाने., सोम.

पुण्याहून काही नाही.

पहाटे बाळूने शेकोट्या पेटवल्या. पाठोपाठ रामनाथच्या पेटल्या, मग मागच्या, मग सगळ्या. धुरात समोरची ओळ दिसत नव्हती. श. काटक्या घालत होते, बाळू पुढच्या ढिगाकडे गेला होता. बांधापलीकडून रामनाथ ओरडला, "तिकडं सखलात अजून घाला!" श. नी घातल्या.

दुर्बीण गादीत गुंडाळून ओसरीवर आहे. जीप दहाला येईल.